मामांनी दिलेली ढील

"तिला म्हणावं, आता दाबून बघ," मामा गाडीशेजारी उकिडवे बसून म्हणाले.

आत्ती पिठाचे हात घेऊन दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "दाबून बघ म्हणत्यात."

मी गाडीचं हँडल धरूनच उभी होते, मामांपासून हातभर अंतरावर. पण आमच्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे आणि सून सासऱ्याशी बोलत नसे. हातभरावरचा निरोप चुलीपर्यंत जाऊन परत यायचा. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला जे काही सांगितलं त्याच्या शेवटी 'म्हणावं' होतं. आत्ती, म्हणजे सासूबाई, घरात नसल्या तर ते म्हशीला सांगायचे, आणि मी आपलं समजून घ्यायचे.

मी क्लच दाबला. एका बोटानं दबला.

"कसा हाय इचार," मामा म्हणाले.

"हलका झालाय," मी आत्तींना सांगितलं.

"हलका झालाय म्हणत्या."

"मग झालं. तार लई ताणल्याली हुती. ढील दिलीया म्हणावं. मनगट दुखायचं न्हाई आता."

आदल्या रात्री मी डाव्या मनगटाला तेल चोळत बसले होते. आत्तींनी ते पाहिलं आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे. मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. त्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्यावरही मोतीबिंदूचा धुरकट सारा आलेला. तरी सकाळी उठून ते पाना-पक्कड घेऊन बसले, चाचपडत क्लचच्या तारेचे नट फिरवले आणि माझ्या हाताला सोसेल असा क्लच करून दिला. आत्ती मागून तोंडाचा पट्टा चालवत होत्या, डोळ्याला पट्टी आन् हातात पाना, कुठला डागदर सांगतो असं म्हणून. मामांनी तिकडं कान केला नाही.

गाडी मामांचीच. चंदगडच्या जंगलातली आमची बोरमाळ वाडी, खाली दूध घालायची डेअरी, आणि मध्ये नुसती झाडी. नवरा गोव्याला फॅक्टरीत होता. मामांची नजर गेली तेव्हा दूध घालणार कोण, हा प्रश्न पडला. मला माहेरी भावानं गाडी शिकवली होती. साडी वर खोचून, आत नवऱ्याची जुनी पँट चढवून, पदर डोक्यावरून गळ्याशी बांधून मी निघाले. पहिले काही दिवस वाडीनं बघून घेतलं, मग तिला कंटाळा आला.

ढील दिल्यावर क्लच लोण्यासारखा झाला खरा, पण दुसऱ्याच दिवशी डेअरीपुढं माझी फजिती झाली. गाडी थांबली की न्यूट्रल सापडेना. त्या गाडीचा पहिला गेअर खाली, बाकीचे वर, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. पायानं उचललं की गेअर थेट दुसऱ्यात जाई आणि दाबलं की परत पहिल्यात. क्लच पुरता आवळलेला असला तरी गाडी दाव्याला ओढ देणाऱ्या वासरासारखी पुढं सरकत राही. शेवटी मी इंजिन बंद केलं आणि कॅन उतरवले.

घरी येऊन आत्तींना सांगितलं. आत्तींना न्यूट्रल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी आपला निरोप पोचवला, "थांबली की ते न्यूटल सापडत न्हाई म्हणत्या."

"थांबल्यावर हुडकू ने म्हणावं," मामा म्हणाले. "गाडी हळू करत आणायची, आन् चालतीतच काढून घ्यायचं."

तार थोडी ताणून द्या, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांनी माझ्या मनगटासाठी, तसल्या डोळ्यांनी, एवढा खटाटोप केलेला. धर्माची गाय आणि दात का गे नाय, असं कुठं विचारायचं? मी गप्प बसले. चालत्या गाडीत न्यूट्रल काढायची सवय करून घेतली, आणि ती जमलीही.

मग पट्टी काढायचा दिवस आला.

मामा पहाटेपासून फाट्यावर एसटीची वाट बघत बसले होते. सोबत पोत्यात घातलेला एक फणस, डॉक्टरांना द्यायला. आमच्याकडं डॉक्टर, मास्तर, तलाठी, कुणाकडंही रिकाम्या हातानं जात नाहीत आणि मे महिन्यात फणसाशिवाय दुसरं काही सुचत नाही. हा कापा फणस असा पिकला होता की माजघरात ठेवला तर गोठ्यात वास यायचा. एसटी काही आली नाही. मामा पोतं खांद्यावर टाकून परत आले.

"वैजंता नेईल की गाडीवरनं," आत्ती म्हणाल्या.

"मी? तिच्या मागं बसू?"

"का? काय हुतंय?"

"माणसं काय म्हणतील?"

"डोळा गेल्यावर माणसं येतील बघाय. बसा गुमान."

मामा बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग उठले आणि त्यांनीच तोडगा काढला. फणसाचं पोतं सीटवर मधोमध ठेवलं. पुढं मी, मागं ते, मध्ये फणस. पोत्यातून फणसाचे काटे माझ्या पाठीला टोचत होते, त्यांच्या पोटाला टोचत असणार. पण मर्यादा राहिली. वाडीतून जाताना मामांनी मान खाली घातली होती आणि मी पदर आणखी पुढं ओढला होता.

आता हत्तीचं सांगायला हवं. दोन-तीन वर्षांपासून कर्नाटकाकडून हत्ती आमच्या रानात येऊ लागले होते. वाडीत कुणी हत्ती हा शब्द उच्चारत नसे. गणपती म्हणायचं. गणपती येऊन केळी मोडून गेला, गणपती वरच्या पाण्याला होता. नाव घेतलं तर तो पुढ्यात येतो, अशी समजूत. त्या वर्षी शिमग्यात पलीकडच्या वाडीतला एक जण गाडीवरून येताना एकट्या सुळेवाल्याच्या पुढ्यात सापडला. त्यानं घाबरून इंजिन बंद केलं. तोवर गणपती बरा उभा होता. मग यानं निसटायला परत किक मारली, आणि त्या आवाजानं तो अंगावर आला. गाडी ओढ्यात सापडली. माणसाचं काय झालं ते बायकांपुढं कुणी धड सांगत नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडं सगळ्यांनी मनाशी बांधून ठेवलं होतं: गणपती दिसला तर हॉर्न नाही, रेस नाही, वळवणं नाही आणि चालू गाडी बंद करणं तर नाहीच. जो आवाज चालू आहे तोच चालू ठेवायचा, म्हणजे तो कंटाळून जातो.

ओढ्याच्या वरच्या वळणावर मी गेअर कमी करत पहिल्यात आले, वळले, आणि तो समोर होता.

रस्त्यात आडवा नव्हता. एका कडेला, फणसाच्या झाडाखाली उभा राहून सोंडेनं वर काहीतरी चाचपत होता. अंगावर लाल माती, एक सुळा लांब, एक तुटका. आमच्या अंगणापासून विहीर असेल तेवढ्यावर. मी ब्रेक दाबला आणि क्लच आवळून धरला. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण आवाज निघाला नाही. तेच बरं झालं.

"का थांबली म्हणावं?" मागून मामा म्हणाले.

कुणाला म्हणणार? आत्ती घरी, म्हैस गोठ्यात. मामांना तर काहीच दिसत नव्हतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यापुढं धुकं. त्यांच्यासाठी ते नुसतं एक वळण होतं.

"रस्त्यात गुरं आल्यात का काय?" ते जरा मोठ्यानं म्हणाले. सोंड झाडावरून खाली आली. कान पुढं आले.

मी दोन वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांशी बोलले. "मामा, गप," मी म्हणाले. "गणपती हाय."

मागं एकदम शांत झालं. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मी पायानं न्यूट्रल शोधू लागले. वर उचललं, दुसरा. खाली दाबलं, पहिला. परत वर, परत दुसरा. क्लच हँडलला टेकेपर्यंत आवळलेला होता आणि तरी गाडी पुढं ओढत होती. मी ब्रेकवर उभी राहिल्यासारखी दाबून होते. त्यानं इंजिन दबायचं, आता बंद पडेल असं गुरगुरायचं. मग मी ब्रेक जरा सैल करी, की चाक वीतभर पुढं. त्याच्याकडं. असं करत विहिरीएवढं अंतर अंगणातल्या तुळशीएवढं होत चाललं होतं, आणि ते मीच करत होते, माझ्या डाव्या हातानं. बोटांतली ताकद संपत आली होती. हात सुटला असता तर गाडी उडी मारून थेट त्याच्या पायात गेली असती.

मी मरणार, असं मला अगदी साधेपणानं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे या म्हाताऱ्याला काही न दिसताच मरण येणार, आणि ते माझ्या हातानं.

"न्यूटल पडंना," मी म्हणाले. रडू येत होतं.

मामांच्या मनात तेव्हा काय आलं ते मला आजही ठाऊक नाही. सवयीनं ते म्हणाले, "क्लच सोडू ने म्हणावं," आणि तिथंच थांबले. मग माझ्या कानाशी, हळू, पण सरळ मला म्हणाले, "वैजंता, सोडू नगंस. मी हाय."

त्यांनी पोतं एका हातानं मांडीवर ओढून घेतलं. मग पुढं वाकले. त्यांची छाती माझ्या पाठीला लागली आणि डावा हात माझ्या बगलेखालून येऊन हँडल चाचपू लागला. सुनेच्या सावलीला बाजूला होणारा माणूस तो. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर ठाणठाण आपटत होतं. आधी त्यांचा तळवा माझ्या मुठीवर बसला आणि माझ्या बोटांसकट क्लच आवळला. पहिल्यांदा माझ्या हाताला दम मिळाला.

"धर आता नीट. मी नट फिरवतो."

क्लचच्या लिव्हरपाशी तारेला एक दातेरी नट असतो. त्यांनीच तो आठवड्यापूर्वी आत पिळून ढील दिली होती. आता तार ताणलेली, नट गच्च. दोन बोटांनी फिरेना. मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, देवाचं नाव की शिवी, कळलं नाही. मग नट हलला. एक आटा, मग अजून एक. लिव्हर माझ्या हातात जड होत गेली, पूर्वीसारखी, मनगट दुखवणारी. गाडीची ओढ कमी झाली. इंजिन मोकळं होऊन एकसुरी चालू लागलं.

"आता पाय लाव. सगळा उचलू नगंस. निम्माच. अंगठ्यानं."

मी अंगठ्यानं निम्माच उचलला. पायाखाली टक् झालं.

तरी क्लच सोडायचा धीर होईना. मामांनीच माझी बोटं एकेक करून उघडली. गाडी जागची हलली नाही. माझा हात कोंबडीच्या पायासारखा आखडून तसाच राहिला.

आणि तो चालत येऊ लागला.

धावत नव्हता. सोंड पुढं लांबवून, वास घेत, निवांत येत होता. "येतोय," मी म्हणाले.

"सोंड कशी हाय? वर का पुढं?"

"पुढं. हुंगतोय."

मामांनी मांडीवरचं पोतं चाचपलं. मग म्हणाले, "फणस." आमच्या मर्यादेचा वास त्याला विहिरीएवढ्या लांबून लागला होता.

"मी उतरतो," ते म्हणाले. "गाडी न्यूटलला हाय, तुला एकटीला तोलंल. मी पोतं घेऊन कडंला जातो. तो माझ्याकडं वळला की गेअर टाक आन् जा. मागं बघू नगंस. माझ्यासाठनं थांबू नगंस. कळलं?"

ते उतरले. पोतं छातीशी धरून, एक हात पुढं करून, पायानं रस्ता चाचपत चालू लागले, आणि मी बघितलं, ते सरळ त्याच्याकडंच चालले होते.

"मामा, डावीकडं," मी म्हणाले. इंजिनच्या आवाजापेक्षा जरा वर, तेवढंच. "अजून डावीकडं. आता सरळ. पुढं चर हाय, बेतानं."

ते मी म्हटलं तसे वळले. मी बोलत होते आणि ते पाऊल टाकत होते. तो थांबला. त्याचं डोकं मामांच्या मागोमाग फिरलं.

"ठेवा," मी म्हणाले. "हितंच ठेवा."

मामांनी वाकून पोत्याचं तोंड खाली केलं. फणस गडगडत चराच्या कडेला गेला. "आता मागं या. पाठ फिरवू नका. तसंच मागं. माझ्याकडं. या, या." मी इतकी बोलले की गेल्या दोन वर्षांची भरपाई झाली असेल. तो त्यांच्या इतक्या जवळून गेला की त्यांचा सदरा हलला. मामा खांबासारखे उभे राहिले. मग त्यानं पुढचा पाय फणसावर ठेवला आणि फणस फुटल्याचा आवाज आला.

मामांचा हात गाडीच्या कॅरिअरला लागला तेव्हा त्यांनी चाचपून बघितलं, आणि मग माझा खांदा चाचपला. मी तिथंच होते.

"गेली न्हाईस?" ते म्हणाले.

ते मागं बसले. मध्ये काही नव्हतं. मी क्लच दाबला, जड लागला, गेअर टाकला आणि त्याच्या पाठीमागून, त्याच आवाजात, हळूहळू गाडी काढली. तो फणसात गुंतला होता. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही.

बरंच खाली, धरणाच्या भिंतीपाशी, मी गाडी थांबवली. पायानं न्यूट्रल शोधलं, पहिल्या झटक्यात सापडलं, आणि मी हँडलवर डोकं ठेवून रडले.

"भ्यालीस?" मामा म्हणाले.

"व्हय."

"मी बी," ते म्हणाले. कुठल्या सासऱ्यानं सुनेला असं सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. नंतरही नाही.

तालुक्याला डॉक्टरांनी पट्टी काढली. मामा डोळे मिचकावत भिंत, कॅलेंडर, खिडकी असं बघत माझ्यापर्यंत आले, तोंडाकडं नीट बघून घेतलं आणि मान वळवली. येताना आम्ही मोठ्या रस्त्यानं, लांबून आलो. वाडीत शिरताना त्यांनी मान खाली घातली नव्हती. वाडीनं बघितलं, आणि बोलायचं ते बोललीही असेल.

आत्ती अंगणातच उभ्या होत्या. "दिसाय लागलं?"

"लागलं."

"फणस दिला डागदराला?"

मामांनी टोपी काढून झटकली. "दिला."

"आवडला?"

"लई आवडला. आठळ्यासुदिक ठेवल्या न्हाईत."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले. आत्तींना आम्ही कधी सांगितलं नाही. दोघांनी तसं ठरवलं नव्हतं, पण सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, कोण कुणाशी बोललं तेसुद्धा.

संध्याकाळी मामा उंबऱ्यावर बसले होते, आत्ती भाकरी थापत होत्या, मी काटवटीत पीठ चाळत होते. मामांचा आवाज आला, जुना, ठेवणीतला.

"तिला म्हणावं, जा म्हटल्यावर जायला पायजे हुतं."

"कुठं जायला पायजे हुतं?" आत्तींनी मला विचारलं.

मी खाली बघून पीठ चाळत राहिले. "त्यांना म्हणावं, गेअरच पडंना," मी म्हणाले. "गाडी न्यूटलमधनं निघालीच न्हाई."

"गाडी न्यूटलमधनं निघालीच न्हाई म्हणत्या. आता ह्ये काय नवीन?"

मग मामा उठले, गाडीपाशी गेले, क्लच एकदा दाबून बघितला आणि सोडला. तो नट त्यांनी परत कधी सैल केला नाही आणि मीही कुणाला करू दिला नाही. आता मामा हयात नाहीत, माझं मनगट अजून दुखतं, आणि गाडी अजून पडवीत आहे.

"गाडीत खोट न्हाई म्हणावं," ते त्या संध्याकाळी अंगणातून म्हणाले. "चालवणारीच आडमुठी हाय."

आत्तींनी भाकरी उलटली आणि हा निरोप काही मला दिला नाही. त्यांना वाटलं, मला वाईट वाटेल.